जुन्या वाद्यांचा जीर्णोद्धार

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत डोणगांव आहे. अशा एखाद्या वऱ्हाडी गांवीं अखंड हरिनामाचा सप्ताह बसला, म्हणजे सात दिवस व सात रात्री एक वीणा जमिनीस टेकत नाहीं. एका विणेकऱ्याचा पहारा संपला कीं दुसरा पुढें येतो, पहिल्याच्या पायांस हात लावतो, वीणा आपल्या गळ्यांत घेतो आणि नाम पुढें चालू राहतें. कीर्तनकार बदलतात, मृदंग थांबतो, टाळकरी जेवावयास जातात. वीणा मात्र उभीच असते. तिच्यावर कोणी राग वाजवीत नाहीं, कीं तिची कोणी वाहवा करीत नाहीं. तिनें फक्त स्वर धरावयाचा आणि इतरांनीं त्या स्वराच्या आधारानें गावयाचें, एवढाच तिचा अधिकार.

जें काम सप्ताहांत वीणेचें, तेंच गायनाच्या बैठकींत तंबोऱ्याचें. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदांत विजेवर वाजणारी जी बेस गिटार असते, तिचेंही काम थोड्याफार फरकानें हेंच. खालचा, भारदस्त, आधाराचा स्वर सांभाळावयाचा. स्वतः पुढें यावयाचें नाहीं. हीं वाद्यें वाजत असतात तोंवर त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि बंद पडलीं म्हणजे मात्र सगळें गाणें पोकळ वाटूं लागतें. त्यामुळें त्यांची हेळसांडही फार होते. शहरांतील कितीतरी सुशिक्षित घरांत आजोबांचा किंवा आत्याबाईंचा तंबोरा माळ्यावर गवसणींत पडलेला असतो. भोंपळ्यास चीर गेलेली, खुंट्या सैल झालेल्या, तारा गंजलेल्या. एके दिवशीं घर रंगवावयास निघतें, तंबोरा खालीं येतो आणि प्रश्न उभा राहतो: हा ठेवावयाचा, विकावयाचा, कीं दुरुस्त करावयाचा? आणि दुरुस्त करावयाचा, तर कोठवर?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर मिरजेस जावें लागतें. कारण मिरजेचा हा सगळा व्यवसायच मुळीं दुरुस्तींतून जन्मास आला. इसवी सन १८५० च्या सुमाराची गोष्ट. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे मोठे शोकी होते आणि त्यांच्या पदरीं उत्तरेकडील गवई-वादकांचें येणेंजाणें असे. उत्तरेकडील वाद्य बिघडलें म्हणजे तें नीट करणारा इकडे कोणी नसे. तेव्हां फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे तें काम आलें, अशी परंपरा आहे. शिकलगार म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. इंग्रजी अंमलांत तरवारीचें काम मागें पडत चाललें होतें आणि हाताची कसबी बोटें रिकामीं होतीं. तीं बोटें तंबोऱ्याकडे वळलीं. मोडलेलें वाद्य उघडावें, आंतील रचना पाहावी, तें पुनः जुळवावें, असें करतां करतां नवीन वाद्य घडविण्याची विद्या साध्य झाली. पुढें या घराण्यांना ‘सतारमेकर’ हेंच आडनांव पडलें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या कलेचा आज एवढा लौकिक आहे, तिचा पहिला धडा नवनिर्मितीचा नसून जीर्णोद्धाराचा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तंबोरा दिसावयास साधा, परंतु त्याच्या अंगीं मोठी नाजूक व्यवस्था असते. त्याचा भोंपळा भाजीचा नव्हे; तो कडू, जाड सालीचा असतो आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यांत पिकतो. तो वाळवून कापावयाचा, पाण्यांत भिजवून मऊ करावयाचा, आंत काठ्यांचा ताण देऊन आकार धरावयास लावावयाचा आणि पुनः वाळवावयाचा. त्यावर तुणीच्या लांकडाची तबली बसते, गळ्याशीं दांडी जोडली जाते, चार खुंट्या लागतात. तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी पितळेची, खर्जाची. काळी एक पट्टींत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनें पावतो.

परंतु तंबोऱ्याचा जीव या कशांत नाहीं. तो आहे तबलीवरच्या घोडींत. ही घोडी हाडाची किंवा लांकडाची असते; पूर्वीं हस्तिदंताचीही असे. तिची पाठ वरवर सपाट दिसते, पण खरोखर तिला डोळ्यांस न जाणवणारा बाक दिलेला असतो. तार त्या पाठीवरून सुटतांना तिला हलकेंच घासत जाते. तारेखालीं सुताचा एक बारीक दोरा सरकवून योग्य जागीं आणला, कीं स्वर एकदम उमलतो आणि एका षड्जांतून अनेक स्वर झिरपूं लागतात. यासच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. तार ज्या बिंदूशीं छेडावी, त्या बिंदूशीं ज्या उपस्वरांचें कंपन शून्य असतें, ते उपस्वर ऐकूं येऊं नयेत, असा पाश्चात्त्य विज्ञानांतील नियम होता. तंबोऱ्यांत व वीणेंत ते स्वच्छ ऐकूं येतात, आणि त्याचें कारण ही बाक दिलेली घोडी होय, असें रामन यांनीं दाखवून दिलें. कारागिरांच्या बोटांना जें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, त्यास शास्त्राची साक्ष मिळाली.

आतां दुरुस्तीची खरी अडचण येथेंच आहे. वाजवून वाजवून तारांच्या रेघा घोडीवर पडतात आणि जवारी बसते; आवाज बोथट होतो. मग कारागीर कानस घेऊन घोडीची पाठ पुनः घासतो. एक हात कानशीचा, कीं तार लावून ऐकावयाचें. पुनः तार सैल करावयाची, पुनः एक हात. हें काम घाईचें नव्हे, कारण घासून गेलेलें हाड परत येत नाहीं. चीर भरतां येते, खुंटी नवी बसवितां येते, तार तर बाजारांत मिळते. परंतु अधिक घासलेली घोडी टाकूनच द्यावी लागते. म्हणून जाणता कारागीर आधीं दोरा सरकवून पाहतो, मग तारा बदलून पाहतो, आणि कानशीस शेवटीं हात घालतो. जें मागें फिरवितां येतें तें आधीं, जें मागें फिरवितां येत नाहीं तें सर्वांत शेवटीं व सर्वांत थोडें, हा त्याचा न लिहिलेला नियम आहे.

हाच नियम सातासमुद्रांपलीकडच्या अगदीं निराळ्या वाद्यासही लागू पडतो. अमेरिकेंत लिओ फेंडर नांवाच्या कारखानदारानें १९५१ सालीं विजेवर वाजणारी बेस गिटार बाजारांत आणली. तोंवर हें काम माणसाएवढ्या उंच, उभ्या व्हायोलिनसारख्या वाद्याकडे होतें. तें नेण्याआणण्यास अवघड आणि मोठ्या वाद्यवृंदांत ऐकूं येण्यास त्याहून अवघड. फेंडरचें वाद्य भरीव लांकडाचें, दांड्यावर सतारीप्रमाणें पडदे असलेलें. तेथें भोंपळा नाहीं. तारांखालीं लोहचुंबक असतात आणि त्यांभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. पोलादी तार हलली, कीं त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच वाढवून ध्वनिक्षेपकांतून ऐकविला जातो. तिची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनांची, म्हणजे आपल्या खर्जाच्याही बरीच खालीं.

ही वाद्यें आतां जुनीं झालीं आहेत आणि त्यांचाही जीर्णोद्धार करणारे व शोकी संग्राहक निघाले आहेत. त्यांच्यापुढेंही प्रश्न तोच. चुंबकाची पेटी चार स्क्रूंवर बसलेली असते. ती काढून दुसरी बसविली आणि जुनी जपून ठेवली, तर कांहीं बिघडत नाहीं. दांडा वाकला, तर त्याच्या आंतला पोलादी गज किल्लीनें पिळून तो सरळ करतां येतो. परंतु नवीन भाग बसविण्याकरितां छिन्नीनें लांकूड कोरलें, किंवा झिजलेलें रोगण कुरूप दिसतें म्हणून सगळें घासून नवें चढविलें, कीं तें नुकसान कायमचें होतें. नवें रोगण चढविलेल्या जुन्या वाद्याची किंमत जाणकारांत पुष्कळच उतरते. घरमालकास जें चकचकीत दिसतें, त्यांत जाणकारास पुसून टाकलेला इतिहास दिसतो.

याचा अर्थ वाद्यांत बदल करूंच नये असा मात्र नाहीं. जाको पास्टोरियस या अमेरिकन वादकाचें बेस गिटार याची साक्ष देईल. त्याच्या दांड्यावरचे पडदे काढलेले होते, खांचा भरलेल्या होत्या आणि वर नावांना लावतात तसें कठीण रोगण चढविलेलें होतें. पडदे गेल्यामुळें त्या वाद्यांतून मींड निघूं लागली आणि आधार देणारें तें वाद्य गाऊं लागलें. १९७६ सालच्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेनंतर जगांतील वादकांनीं त्याचें अनुकरण केलें. पुढें तें वाद्य मोडलें, कारागिरांनीं तें जोडलें, १९८६ सालीं तें न्यूयॉर्क शहरांत चोरीस गेलें आणि अखेर पुष्कळ वर्षांनीं पुनः उजेडांत आलें. फेरफार करणाऱ्यास आपणांस कोणता स्वर हवा आहे तें नेमकें ठाऊक असलें, तर फेरफारही नवनिर्मिति ठरते. ठाऊक नसलें, तर ती केवळ मोडतोड होय.

मग माळ्यावरच्या तंबोऱ्याचें काय करावें? कारागिराकडे नेण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं तो एकदां तसाच ऐकावा. चीर असो, तारा गंजलेल्या असोत. कोणती तार अजून बोलते, तें पाहावें. कारागिरास ‘नवा करून द्या’ असें सांगूं नये. ‘हा पूर्वीं जसा वाजत होता तसा वाजूं द्या’ असें सांगावें. काढलेली घोडी व जुन्या खुंट्या मागून घ्याव्या व गवसणींत ठेवाव्या. भिंतीवर ऊन येईल अशा ठिकाणीं तंबोरा टांगूं नये, कारण उन्हानें सांधे सुटतात. आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे तो वाजविणें. न वाजणाऱ्या वाद्याच्या तारा गंजतात, खुंट्या आवळतात आणि बिघाड वेळींच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वाजणाऱ्या वाद्याचा बिघाड कान त्याच दिवशीं सांगतो.

आज विजेवर चालणारा तंबोरा खिशांत मावतो आणि दूरध्वनीच्या यंत्रांतूनही ऐकूं येतो. प्रवासांत व रियाझांत त्याची सोय मोठी आहे. तिची निंदा करण्याचें कारण नाहीं. पण त्यास जवारी लावावी लागत नाहीं, आणि तेथेंच धोका आहे. जवारी पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. ती शेकडों वाद्यें हातांखालून गेल्यावर कानांत उतरते. घराघरांतील तंबोरे दुरुस्तीस येणें थांबलें, तर दुरुस्त करणारे कानही थांबतील. एका घरानें आपला तंबोरा नीट करून घेतला, म्हणजे एका शिकाऊ मुलाच्या हाताखालून आणखी एक घोडी जाते.

किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां मिरजेसच राहत. गवई असून वाद्यदुरुस्तीचीं हत्यारें ते जवळ बाळगीत आणि जवारी स्वतः लावीत. १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत पाँडेचरीकडे जातांना त्यांची प्रकृति एकाएकीं बिघडली. ते वाटेंतील एका लहान स्टेशनावर उतरले, फलाटावरच बैठक घातली, तंबोरा जुळवावयास सांगितला, त्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना गाइली आणि तेथेंच देह ठेवला, असें सांगतात. शेवटच्या क्षणींही प्रथम तंबोरा जुळला पाहिजे, मग गाणें, हा क्रम त्यांनीं सोडला नाहीं.

डोणगांवासारख्या गांवीं विणेकरी पहारा बदलतांना आधीं नमस्कार करतो, मगच वीणा हातीं घेतो. जुनें वाद्य हातीं घेणाऱ्या प्रत्येकानें, मग तो कारागीर असो कीं घरधनी, तेवढी रीत पाळली तरी पुष्कळ झालें. वाद्य आपलें नसतें. आपल्याकडे त्याचा पहारा असतो.