थीम पार्कची सहल: पैसे वसूल होतात का?

(बंगळूर येथील खातेदार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा बचतीचा आणि विषय थीम पार्कचा, हे पाहून काही जण हसले. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी किती घरांत हा वाद झाला, ते आठवून पाहा. मुलं म्हणतात, वर्गातले सगळे जाऊन आले. आई म्हणते, जाऊ या एकदा. आणि बाबा मोबाइलवर तिकिटाचा दर बघून गप्प बसतात. मला आज त्या गप्प बसलेल्या माणसाशी बोलायचं आहे.

आपल्या लहानपणी जत्रेत आकाशपाळणा असायचा. एका फेरीचे पैसे द्यायचे, बसायचं, उतरायचं. खिशातले पैसे संपले की घरी. अमेरिकेत डिस्नेलँड 1955 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथेही खेळांची तिकिटं वेगळी असत. एकदाच पैसे भरून दिवसभर खेळण्याची पद्धत तिथे 1982 मध्ये पक्की झाली. आपल्याकडे मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये उघडलं. बंगळूरकरांना म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळचं वंडरला 2005 पासून माहीत आहे. अशा बहुतेक मोठ्या पार्कांत आज दारावर एकच मोठी रक्कम भरायची असते.

एकदा पैसे भरले की आपलं डोकं वेगळं चालायला लागतं. जत्रेत आपण विचारायचो, ही फेरी घ्यावी का? इथे आपण म्हणतो, भरलेच आहेत तर वसूल करू या. मग पोरगं दमून रडत असतं आणि आपण त्याला तिसऱ्या रांगेत उभं करतो. खरं तर भरलेले पैसे गेले. ते परत येणार नाहीत, मग तुम्ही चार खेळ खेळा की चौदा. विचार करायचा तो तिकीट काढण्याआधी.

आता हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे. तुमच्या शहरातल्या पार्कचे आकडे तुम्ही घाला. घरात नवरा, बायको, आजी, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मोठ्यांचं तिकीट 1,300 आणि लहानांचं 1,050 धरा. तीन मोठे, दोन लहान, म्हणजे 6,000 रुपये. यात करही आला. जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, या तिकिटांवर 28 टक्के होता, जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आणला. 18 टक्क्यांनी 1,300 मधले जवळपास 200 रुपये कराचेच. दर बघताना कर धरून आहे की वगळून, हे शेवटच्या रकमेपर्यंत जाऊन बघा.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण जाण्यायेण्याची गाडी 1,600. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पाच जणांचं जेवण आणि चहापाणी 2,000. पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते घरून नेले नाहीत तर तिथे घ्यायचे, तिघांचे 1,200. लॉकर 200. बेरीज 11,000. म्हणजे तिकीट निम्म्याहून थोडं जास्त, बाकीचं सगळं तिकिटाच्या मागून येतं. कपडे आधी बाजारातून आणले, घरून पोटभर नाश्ता करून निघालात आणि बसने गेलात, तर याच यादीतले हजार-दीड हजार सहज वाचतात.

पण माझा मुद्दा याहून वेगळा आहे. या पाच जणांत खेळणार कोण?

अनेक पार्कांत लहान मुलाचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. खेळांवरही उंचीची अट असते, आणि ती सुरक्षेसाठी असते, तिथे हुज्जत घालू नये. पाच वर्षांचा मुलगा साधारण 108-110 सेंटीमीटर. त्याचं तिकीट लागतं, पण मोठ्या खेळांच्या दारातून तो परत फिरतो. त्याच्याजवळ आई किंवा बाबा थांबतात. आजी तर झाडाखाली बसलेली. मीही एकदा आईला असं नेलं होतं. तिने दिवसभर आमच्या पिशव्या आणि ओले कपडे सांभाळले आणि परतताना म्हणाली, "बागेत बसायला एवढे पैसे घेतात होय रे?" मला अजून ते बोलणं टोचतं. ज्येष्ठांना सवलत असते का, हे मी आधी विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणून मी सांगतो, घरातल्या भिंतीवर मुलांच्या उंचीची पेन्सिलने खूण करा आणि ती पार्कच्या नियमाशेजारी ठेवून बघा. समजा त्या पार्कात मोठे खेळ 120 सेंटीमीटरला उघडतात आणि 140 च्या वर मोठ्याचं तिकीट लागतं. आपल्या घरातली मुलं आज आठ आणि पाच वर्षांची. दोन वर्षं थांबलात तर धाकटा 120 च्या आसपास येईल आणि मुलगी बहुधा अजून 140 च्या आत असेल. दोघं खेळतील, दोघांना लहानांचंच तिकीट, आणि आई-बाबाही मोकळे. तेवढेच पैसे आणि दुप्पट मजा. आणखी दोन वर्षं थांबलात तर मुलीला मोठ्याचं तिकीट लागेल. त्यामुळे फार ताणूही नका.

दिवस कोणता निवडता, यावरही बरंच अवलंबून आहे. पार्क सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, सात तास. जेवण आणि कपडे बदलणं यांत दीड तास गेला, उरले साडेपाच. सुट्टीच्या रविवारी एका खेळाला रांगेसकट चाळीस मिनिटं लागली तर आठ खेळ होतात. आडवारी पंधरा मिनिटांत होत असेल तर बावीस. म्हणजे 1,300 च्या तिकिटात एक खेळ रविवारी 160 रुपयांना पडतो आणि आडवारी 60 ला. शिवाय अनेक ठिकाणी आडवारचं तिकीटच स्वस्त असतं. शाळा बुडवा असं मी म्हणत नाही. परीक्षा संपल्यावरचा एखादा मंगळवार-बुधवार शोधा आणि त्या दिवसाची एक रजा घ्या. रांग टाळायचं महाग तिकीट मिळतं, पण गर्दी नसलेल्या दिवशी त्याची गरजच उरत नाही.

आता पैसे कुठून आणायचे? महिना 500 रुपयांची आवर्ती ठेव, आपण जिला रिकरिंग म्हणतो, 24 महिन्यांची उघडा. साडेसहा टक्के व्याज धरलं तर सुमारे 12,800 होतात. आजचे 11,000 दोन वर्षांनी थोडे वाढलेले असतील, त्यात ते बसतात. याउलट हेच 11,000 क्रेडिट कार्डावर टाकले आणि महिना साडेतीन टक्के व्याजाने दरमहा हजार फेडत बसलात, तर व्याजावरच्या जीएसटीसकट पंधरा महिने लागतील आणि 15,000 च्या आसपास जातील. चार हजार रुपये जास्त, तेही सहल विसरून गेल्यावर. कार्ड वापरायचंच असेल तर पूर्ण बिल मुदतीत भरता येईल तेव्हाच वापरा.

एक सावधगिरी. "तुम्हाला थीम पार्कची मोफत तिकिटं लागली आहेत, ओटीपी सांगा" असा फोन आला की ठेवून द्या. तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवरच घ्या, आणि पावसामुळे किंवा आजारपणामुळे बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, ते आधी वाचा.

मागच्या मेळाव्यात एका ताईंनी विचारलं होतं, "सर, तुम्ही म्हणता ते पटतं, पण मुलं दोन वर्षं थांबतात का?" नाही थांबत. त्यांना रिकरिंगचं पासबुक दाखवा, भिंतीवरची खूण दाखवा, दर महिन्याला दोन्ही वाढताना बघू द्या. आणि मधल्या रविवारी कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय आहे, शेजारी कब्बन पार्क आहे, लालबाग आहे. डबा घरचा. तिथे आजीलाही न्या.