अकोल्याच्या फलाटावर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू बोलू नकोस, नाचून दाखव." मी म्हटलं, गुडघे आता ऐकत नाहीत, त्यापेक्षा बोलते. शाळेत मी फार बोलायची नाही, हे तुम्हाला आठवत असेल. गॅदरिंगच्या नाचापुरती मी सगळ्यांच्या लक्षात. म्हणून आज नाचाचीच एक गोष्ट सांगते. ती मी पूर्ण अशी कुणालाच सांगितलेली नाही, कारण मलाच ती पूर्ण कळायला चौदा वर्षं लागली.

गोष्ट १९९५ची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची कथकची मध्यमा पूर्ण झाली होती, विशारद बाकी होती. मुंबईची एक नृत्यसंस्था परदेश दौऱ्यासाठी मुली निवडणार आहे, असं आमच्या नृत्याच्या ताईंना कळलं. त्यांनी माझा फोटो आणि अर्ज परस्पर पाठवून दिला. बोलावणं आलं आणि घरात शांतता पसरली.

बाबांचे तीन प्रश्न होते. कोण नेणार, कुठं राहणार आणि लोक काय म्हणतील. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं सापडली. तिसऱ्यासाठी आपल्या मराठीच्या बाई घरी आल्या. बाई आज समोरच बसल्या आहेत, म्हणून जपून सांगते. त्यांनी बाबांना पुण्याच्या रोहिणी भाटे यांच्याबद्दल सांगितलं. सुशिक्षित घरातली मुलगी कथक शिकते, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे तालीम घेते, १९४७ साली स्वतःची 'नृत्यभारती' काढते, हे सगळं. बाबांनी ऐकून घेतलं, पण हलले नाहीत. मग बाई म्हणाल्या, "आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ साली बर्लिनला जाऊन आली. तुमची मुलगी दादरलाही जाऊ शकत नाही का?" बाबा हसले. बाबा हसले की अर्धं काम झालं, हे आम्हाला घरात ठाऊक होतं.

ठरलं असं. दादा तेव्हा अकोल्याला एका जिनिंगमध्ये कारकून होता. मी बडनेऱ्याला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, दादानं अकोल्याला चढायचं आणि डोंबिवलीला आईच्या लांबच्या बहिणीकडे उतरायचं. म्हणजे एकटीचा प्रवास फक्त बडनेरा ते अकोला, मध्ये मूर्तिजापूर, जेमतेम ऐंशी किलोमीटर. तेवढ्यासाठीसुद्धा आईनं समोरच्या बाकावरच्या बाईंना सांगून ठेवलं, "लक्ष ठेवजा हो पोरीवर."

घुंगरू मी टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत तळाला ठेवले होते. एकेका पायाचे शंभर. तरी गाडी रुळ बदलताना आवाज यायचाच आणि सगळा डबा माझ्याकडे बघायचा.

अकोला आलं. मी खिडकीतून पाहत होते. दादा दिसला, पण हातात बॅग नव्हती. एक डबा होता फक्त. तो खिडकीशी आला. म्हणाला, "रजा नामंजूर झाली. हंगाम आहे, सोडत नाहीत." आणि गप्प उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहतेय, तो माझ्याकडे. शेवटी त्यानं विचारलं, "काय करतं मंग?"

गाडी तिथे काही मिनिटंच थांबते. उतरायचं तर पिशवी घेऊन दारापर्यंत जायला हवं होतं. मला भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगू? बोरीबंदर मी सिनेमातच पाहिलेलं. डोंबिवलीची लोकल कुठून सुटते, तेही माहीत नव्हतं. पण हात पिशवीकडे गेला नाही. मी म्हटलं, "जातो." आपल्याकडच्या मुली 'जातो' म्हणतात, तसंच. दादानं डबा खिडकीतून दिला आणि म्हणाला, "पोचली की फोन करजो."

त्याच्या रिकाम्या बर्थवर शेगावला एक म्हातारी आजी आल्या. पिशवीतले घुंगरू वाजले तसं त्यांनी विचारलं, "देवाचं काही आहे का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी प्रसादाचे फुटाणे हातावर ठेवले. रात्रभर मला झोप आली नाही.

निवडीच्या ठिकाणी साठेक मुली होत्या. माझा नंबर सत्तेचाळीस. नाव-गाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी अमरावतीहून आली." मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या. 'आले' म्हणायचं असतं, हे पुस्तकात वाचलं होतं, पण तोंडात 'आली'च होतं. कान गरम झाले. मग तबल्यावर ठेका सुरू झाला आणि कान थंड झाले. तत्कार, एक तोडा, मग चक्करदार. समेवर बरोबर आले. एवढं मला आजही खात्रीनं सांगता येतं.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी ती तीनदा वाचली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा एक काम केलं, जे अमरावतीत मी कधीच केलं नसतं. परीक्षकांपैकी एक बाई चहा पीत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "माझं काय कमी पडलं?" त्या म्हणाल्या, "पाय छान आहेत, लय पक्की आहे. पण तू सगळा वेळ जमिनीकडे बघतेस. तुझा नाच बघायला आम्ही आहोत की नाही, याचा तुला पत्ताच नव्हता." हे वाक्य मी आज माझ्या विद्यार्थिनींना महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

परतीची गाडी पहाटे अकोल्याला थांबली तेव्हा दादा फलाटावर चहाचा थर्मास घेऊन उभा होता. "झालं?" "नाही झालं." "पुढच्या टायमाला," एवढंच तो बोलला. बडनेऱ्याला बाबा घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, घुंगरू वाजले, आणि ती तशीच वाजवत ते स्कूटरपर्यंत चालत गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, निकालामुळे.

२००९ साली बाबा गेले. तेरवीच्या रात्री पाहुणे झोपल्यावर दादा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलं." रजा नाकारली गेल्यावर त्यानं त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून शेजारच्या काकांकडे फोन केला होता. मी तेव्हा बडनेऱ्याला निघून गेले होते. बाबा फोनवर आले आणि एकच वाक्य बोलले, "तिला अकोल्याला उतरवून घे." दादा फलाटावर आला तो मला उतरवायलाच.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. तू खिडकीतून पाहत होतीस. माझ्यानं सांगवलं नाही. म्हणून विचारलं, काय करतं. तू उतरतो म्हटलं असतं तर उतरवलं असतं."

बाबांना त्यानं सांगितलं होतं की त्याला उशीर झाला आणि गाडी सुटून गेली. त्यासाठी तो बाबांच्या शिव्या खाऊन बसला. चौदा वर्षं मला वाटत होतं की मी एकटीनं जायचं ठरवलं. ठरवलं मीच, पण ठरवायची संधी दादानं मला दिली होती, आणि त्याची किंमतही त्यानंच भरली होती. बाबांना खरं कधी कळलं का? मला माहीत नाही. पण वाजत गेलेली ती पिशवी आठवली की वाटतं, रागावलेला माणूस अशी पिशवी नेत नाही.

त्या संस्थेत मला पुढेही जागा मिळाली नाही. विशारद झाले, लग्न होऊन अकोल्यालाच आले आणि तिथेच मुलींना कथक शिकवते. दरवर्षी एखादी मुलगी पुण्या-मुंबईला परीक्षेला, निवडीला जायचं म्हणते, आणि घरात तेच तीन प्रश्न उभे राहतात. कोण नेणार, कुठं राहणार, लोक काय म्हणतील. तिसऱ्याचं उत्तर बाईंनी आपल्याला देऊन ठेवलं आहे. पहिल्या दोनांचं आपण देऊ शकतो.

म्हणून एक सूचना करते. आपल्यातले कितीतरी जण आज मुंबई, पुणे, नागपूरला आहेत. आपल्या शाळेची मुलगी खेळाच्या चाचणीला, मुलाखतीला किंवा नाचाला त्या शहरात आली, तर तिला स्टेशनवर घ्यायला जाईल आणि दोन रात्री घरी ठेवून घेईल, अशा घरांची एक यादी आजच करू. तिकिटासाठी एक छोटा निधी ठेवू. माझ्याकडून पहिले पाच हजार रुपये आणि अकोल्याच्या घराचा पत्ता मी चहाच्या वेळी लिहून देते.

आणि तुमच्या घरातली मुलगी अशी फलाटावर भेटली, तर तिला आधी विचारा, "काय करतं मंग?"