शर्यतीच्या गाडीतील जागेची किंमत



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत मोटार-शर्यतींवर काय बोलणार, असा प्रश्न पुष्कळांच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसतो आहे. वेगाचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. परंतु नोकरी कोणाला मिळते, कोणाची जाते आणि ते कोण ठरवतो, या एका प्रश्नात आमचे आयुष्य गेले. आणि फॉर्म्युला वन नावाच्या शर्यतीत हा प्रश्न जितका उघडा पडलेला दिसतो तितका गिरणीच्या फाटकावरही दिसत नसे. साऱ्या जगात मिळून वीस-बावीस जागा. त्यांतल्या काही गुणाने मिळतात, आणि काहींना भाव असतो.

1968 पूर्वी या गाड्या आपापल्या देशाच्या रंगात धावत. इंग्रजांची हिरवी, इटलीची तांबडी. त्या वर्षी लोटस संघाने आपली गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या रंगात रंगवली, आणि गाडीचा पत्रा ही जाहिरातीची भिंत झाली. पुढे धावणाऱ्या फेरारीच्या दारी जाहिरातदार आपण होऊन येतात. शेवटच्या रांगेतल्या संघाची गाडी पडद्यावर दिसतच नाही. तिच्या अंगावर नाव लिहिण्यास पैसे कोण देणार? मग संघ असा तरुण शोधतो की जो आपला प्रायोजक आपल्याबरोबर घेऊन येईल. कोणामागे स्वदेशीची बँक असते, कोणामागे तेल कंपनी, कोणामागे नुसता वडिलांचा पैसा. अशांना तिकडे 'पे ड्रायव्हर' म्हणतात. आपल्या नरेन कार्तिकेयनला 2011 साली टाटांच्या पाठबळावर हिस्पानिया संघात जागा मिळाली. हंगाम अर्ध्यावर येतो न येतो तोच रेड बुलने आपल्या रिकार्डोसाठी पैसे मोजले आणि कार्तिकेयनला उतरावे लागले.

पैसा आणणारा म्हणजे नालायकच, असे मात्र कोणी समजू नये. ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने आयुष्याच्या विम्यावर बँकेचे कर्ज काढून प्रथम जागा मिळवली आणि पुढे तीनदा जगज्जेतेपद मिळवले. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा घेऊन पास्तोर माल्दोनादो 2011 साली विल्यम्स संघात आला, तेव्हा ज्याची जागा गेली त्या ह्युल्केनबर्गने काही महिन्यांपूर्वीच ब्राझीलमध्ये सर्वांत पुढची जागा पटकावली होती. लोक हळहळले. पण याच माल्दोनादोने 2012 साली स्पेनची शर्यत जिंकली. विल्यम्सला 2004 नंतर जय मिळाला नव्हता. पुढे तो दुसऱ्या संघात गेला, तेलाचे भाव कोसळले, तेल कंपनीचे हप्ते थकले आणि 2016 च्या आरंभी त्याची जागा गेली. माणूस तोच, हात तेच!

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो. स्वित्झर्लंडचा झाउबर हा संघ 2014 साली विपन्नावस्थेत होता. वर्षभरात एक गुण मिळाला नाही. संघाच्या प्रमुख मोनिशा काल्टेनबोर्न. या बाईंचा जन्म आपल्या डेहराडूनचा, शिक्षण वकिलीचे. हॉलंडचा गीडो फान डेर गार्डे हा त्या वर्षी संघाचा राखीव ड्रायव्हर होता. गिरणीच्या भाषेत बदलीवाला. 2015 साली कायम जागा द्यायची असा त्याच्याशी लेखी करार झालेला होता आणि त्याच्या पाठीराख्यांनी पैसे आगाऊ भरले होते. परंतु नोव्हेंबरात संघाने स्वीडनचा एरिक्सन आणि ब्राझीलचा नास्र यांची नावे जाहीर केली. नास्रमागे बांको दो ब्राझील होती. नव्या गाडीचा रंगच त्या बँकेचा, निळा-पिवळा झाला.

फान डेर गार्डे लवादाकडे गेला, जिंकला. मार्च 2015 मध्ये मेलबर्नला पहिली शर्यत. तेथे तो व्हिक्टोरिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. संघाचे म्हणणे असे की बैठक ड्रायव्हरच्या अंगमापाने बनवावी लागते, ऐनवेळी याला बसवणे धोक्याचे आहे. न्यायालयाने ते मानले नाही. संघाचे अपीलही फेटाळले. शुक्रवारी हा गृहस्थ एरिक्सनचे कपडे अंगात घालून गाडीपाशी येऊन उभा राहिला! पहिल्या सरावाला झाउबरची एकही गाडी निघाली नाही. अखेर त्याने त्या शर्यतीपुरता हक्क सोडला आणि मागाहून तडजोड झाली. आकडा सुमारे दीड कोटी युरो असल्याचे वृत्तपत्रांत आले. गाडीत तो पुन्हा बसला नाही. आणि नास्रने त्याच मेलबर्नला पाचवा क्रमांक मिळवला.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दस्तुरी घेऊन कामावर लावी. 1931 च्या व्हिटले कमिशनच्या अहवालात तिची नोंद आहे. ती दस्तुरी जॉबरच्या खिशात जाई, म्हणून तिच्याविरुद्ध लढणे सोपे होते. येथे ड्रायव्हरने आणलेल्या पैशातून संघाच्या मिस्त्र्यांचे, ड्राफ्ट्समनचे, कारकुनांचे पगार होतात. मालक म्हणतो, करार पाळला तर शेकडो घरांच्या चुली विझतील. हा युक्तिवाद खोटा नाही, आणि म्हणूनच तो अवघड आहे. परंतु एका कामगाराचा लेखी शब्द मोडून दुसऱ्याचा पगार करावा लागतो, ही व्यवस्था कोणी केली, हे विचारणे आमचे कामच आहे.

बक्षिसाच्या पैशाची वाटणीच पाहा. 2016 साली अकरा संघ होते आणि दहावा व अकरावा यांच्या वाट्यात कोट्यवधी रुपयांचे अंतर. मॅनोर संघाकडे एक गुण, झाउबरकडे शून्य. नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये, भर पावसात, नास्र आपल्या घरच्या शर्यतीत नववा आला. दोन गुण! झाउबर दहावा झाला. जानेवारी 2017 मध्ये मॅनोर बंद पडला आणि 212 माणसे घरी बसली. ज्याने झाउबरला वर काढले तो नास्रही त्यांच्याबरोबरच घरी बसला, कारण बँकेने हात आखडता घेतला होता. त्याच्या जागी झाउबरने घेतला तो मॅनोरचाच व्हेरलाइन, मर्सिडीजच्या पाठबळाचा.

2016 पासून तीन वर्षांत चाळीस गुण मिळवल्याखेरीज परवाना मिळत नाही आणि 2021 पासून संघांच्या खर्चास मर्यादा आहे. त्यामुळे अगदीच अडाणी धनिकपुत्र आत येणे कठीण झाले, एवढे मान्य करतो. पण ते चाळीस गुण ज्या खालच्या शर्यतींत मिळवायचे, तेथेही जागा पैसे भरूनच मिळतात.

आणखी एकच गोष्ट, कारण ती आपल्याला जवळची आहे. फोर्स इंडिया संघ विजय मल्ल्यांचा. 2012 च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमाने जमिनीवर बसली, कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले. त्याच महिन्यात दिल्लीजवळ मल्ल्यांच्या गाड्या शर्यतीत धावत होत्या. 2018 साली तो संघही बुडीत आला. त्याचा ड्रायव्हर मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ. हाही कार्लोस स्लिम या धनाढ्याच्या पाठबळावर वर आलेला. पण त्याचे मानधन थकले होते, तेव्हा तो धनको ठरत होता. संघातल्या माणसांनीच त्याला गळ घातली. तो लंडनच्या न्यायालयात गेला आणि कंपनी मोडीत निघण्याऐवजी प्रशासकाच्या हाती गेली. चारशेहून अधिक नोकऱ्या वाचल्या. संघ विकत घेणाऱ्यांचे म्होरके होते लॉरेन्स स्ट्रोल; पुढच्या हंगामात गाडीत त्यांचा मुलगा लान्स बसला आणि एस्तेबान ओकोन हा गुणी तरुण बाहेर राहिला. पेरेझची पाळी 2020 साली आली. करार हातात असताना त्याला निरोप मिळाला, आणि त्या डिसेंबरात साखीरची शर्यत त्याने त्याच गाडीत जिंकली.