वर सावली, खालून वारा

मे महिना लागला की नवी मुंबईतली माणसं रोपवाटिकांकडे वळतात. पाऊस तोंडावर आलेला असतो, घरापुढे चार हात जागा असते, आणि गाडीच्या डिकीत मावतील तेवढी फुललेली रोपं घरी येतात. माझी विनंती अशी, की रोपं आणायच्या आधी एकदोन दुपारी घराभोवती फिरा. ऊन कोणत्या भिंतीवर तापतं, वारा कुठून आत येतो आणि पावसाचं पाणी कुठे थांबतं, एवढं बघून ठेवा. आपल्याकडे बाग या तीन गोष्टींवर ठरते, फुलांचा रंग त्यानंतर.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो, आपल्याकडे पस्तीस-छत्तीसच्या आसपास राहतो. तरी जीव नकोसा होतो, कारण हवा दमट असते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळायला वारा लागतो. विदर्भात दुपारची झळ बाहेर ठेवायला घर बंद करून घेतात. इथे उलट आहे. डोक्यावर सावली हवी आणि तिच्याखालून वारा खेळता हवा. म्हणून पश्चिमेच्या कंपाउंडला उंच अशोकांची भिंत उभी करणं, किंवा डुरांटाचं दाट कुंपण वाढवणं मला पटत नाही. दुपारी खाडीकडून आणि समुद्राकडून येणारा वारा तिथेच अडतो. मागे राहते ती ओल, बुरशी आणि डास.

त्याऐवजी एखादं छत्रीसारखं झाड लावा आणि सहा-सात फुटांपर्यंत त्याचं खोड मोकळं ठेवा. ते कुठे लावायचं? मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे कलतो आणि वायव्येच्या अंगाला मावळतो. म्हणजे उन्हाळ्यात भिंत तापवणारं ऊन पश्चिम आणि वायव्य दिशेचं असतं. झाडाची जागा तिथे.

आता झाड कोणतं? बहावा सगळ्यांना हवा असतो, आणि तो फुलला की नजर हटत नाही हे खरंच. पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात. भिंतीला सावली हवी तेव्हाच तो उघडा. गुलमोहराचंही तेच, शिवाय वादळात त्याच्या फांद्या मोडून पडतात. पश्चिमेला करंज लावा. वसंतात त्याला नवी पालवी फुटते, खारा वारा सोसतो, पाणथळ जागेतही तग धरतो. जागा लहान असेल तर बकुळ. सावकाश वाढते, पण बारा महिने हिरवी राहते. ताम्हण आपलं राज्यपुष्प. थंडीनंतर पानं गाळतं आणि उन्हाळ्यात जांभळं फुलतं. खाडीच्या अगदी जवळ घर असेल तर उंडी आणि पारोसा भेंडी ही किनाऱ्याचीच झाडं आहेत, त्यांना मिठाची सवय असते. नारळ लावायचाच, पण गाडी उभी करायच्या जागेवर नको. रॉयल पाम, बॉटल पाम दिसायला ऐटदार असतात, सावली मात्र देत नाहीत.

जागा लहान आहे म्हणून हात टेकू नका. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी १९८३ ते ८६ या काळात रचलं. साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, आणि सात-सात घरांच्या मधे सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगण. प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा. आज तिथली बरीच घरं वाढली, उंच झाली. पण ज्या अंगणात एक जुनं झाड उभं आहे, तिथे दुपारी माणसं बाहेर बसलेली दिसतात. सात घरांना सात झाडं लागत नाहीत, योग्य जागी एक पुरतं. दिवाळे, करावे, घणसोली या आपल्या जुन्या आगरी-कोळी गावांतही दारापुढे मांडव असतो. त्यावर दोडकी किंवा पडवळ चढवला की मोठं झाड वाढेपर्यंतच्या चार-पाच वर्षांची सोय होते. बांबू आणि सुतळी, एवढाच खर्च.

आता माती. यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण नवी मुंबईतल्या बऱ्याच बागा इथेच फसतात. १९७० साली सिडको आली तेव्हा या पट्ट्यात भातखाचरं, खाजणं आणि मिठागरं होती. खोलगट जागा मुरूम आणि दगडमातीचा भराव टाकून उचलल्या गेल्या. त्यामुळे वरची वीतभर लाल माती काढली की खाली मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि त्याखाली खाडीचा निळसर काळा चिखल लागतो. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, उडून जातं आणि मीठ वर राहतं. मे महिन्यात मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसली आणि पानांची टोकं करपत असली, तर ते मीठ आहे असं समजा. अशा वेळी खत वाढवू नका, खतातही क्षार असतात. आधी मातीची चाचणी करून घ्या आणि विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, विचारा. ती ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर माती खारी. खाऱ्या जमिनीवर आपल्याकडे जुनं काम आहे. कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे, आणि खारं सोसणारी भाताची वाणं तिथून निघाली आहेत.

मीठ धुऊन काढायला पावसासारखा उपाय नाही. म्हणून पहिल्या सरीला घाईने रोपं लावू नका. दोन-तीन आठवडे चांगला पाऊस पडू द्या, मीठ खाली जाऊ द्या, मग लावा. खड्डे मात्र आत्ता, मेमध्येच खणा आणि उन्हात तापू द्या. खणलेल्या खड्ड्यात एक बादली पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर त्या जागी जमिनीत झाड लावूच नका. फूट-दीड फूट उंच ढीग करा आणि झाड त्या ढिगावर लावा. ढिगात माती, शेणखत आणि थोडी जाड रेती मिसळा, आणि तळाला राडारोडा असेल तर तो उपसून टाका. वरून पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या सोडणांचा चार बोटं थर द्या. तो असला की ऊन थेट मातीला लागत नाही आणि मीठ वर चढायचा वेगही कमी होतो.

पाण्याचा हिशेब एकदा करून बघा. आपल्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. घराचं छप्पर ४० चौरस मीटरचं धरलं तर त्यावर मोसमात लाखभर लिटर पाणी पडतं. २०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात आठ हजार लिटर. हे पाणी पन्हळीतून कुठे उतरतं? पायाशी उतरत असेल तर भिंत ओली राहणार. घराकडून बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर असा उतार द्या. फुलांचे वाफे भिंतीला चिकटून करू नका. दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडून त्यात खडी टाका. खारघरच्या डोंगराच्या बाजूला, चढावर घर असेल तर शोषखड्डा चांगला चालतो. खाडीलगतच्या सेक्टरमध्ये भरतीच्या वेळी जमिनीखालचं पाणीच वर आलेलं असतं, तिथे शोषखड्डा भरून उभा राहतो. तिथे पाणी गटारापर्यंत नेणं किंवा टाकीत साठवणं बरं. आणि सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक लावू नका. लावलेच असतील तर झाडाच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी करा.

लॉनबद्दल मला नेहमी विचारतात. लहान घराला लॉन नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसात बुरशी, उन्हाळ्यात पाणी, आणि झाडाच्या सावलीत ते टिकतही नाही. उन्हाच्या जागी हरळी राहू द्या. सावलीत अळू, कर्दळ, सोनटक्का आणि लिली लावा. ही सगळी ओल सोसतात. पिवळ्या फुलांचं वेडेलिया झटपट पसरतं म्हणून लावलं जातं. ते नंतर आवरत नाही, नाल्यापर्यंत जातं. ते आणूच नका. बाकी मोगरा, अनंत, तगर, कण्हेर, पारिजातक यांना इथली हवा मानवते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना एकच इशारा. ओली माती फार जड असते. फूटभर जाडीचा वाफा दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या घरात असतो. म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे बांधू नका. हलक्या कोकोपीटच्या कुंड्या तुळईवर, भिंतीच्या कडेने ठेवा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो.

दारातलं जुनं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्यानुसार. मोठी फांदी उतरवायची असली तरी पावसाआधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या. भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ मात्र बोटाएवढा असतानाच मुळासकट काढा.

जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा नोव्हेंबरनंतर सुरू होते. पहिली दोन वर्षं दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत त्याला आठवड्यातून दोनदा बुंध्यापासून वीतभर लांब, सावकाश, बादलीभर पाणी द्या. रोज तांब्याभर दिलं तर मुळं वरच राहतात. बांबूचा आधार सैल बांधा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाका.