दोघांची लढाई आणि बाकीच्या आपण

(बिलोली येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात आपल्या गटानं इथं एक सिनेमा दाखवला. त्यावर तुम्ही जे बोललात, त्याबद्दल आज मला बोलायचं आहे. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट सांगते.

सिनेमाचं नाव 'एनिमी ॲट द गेट्स', २००१ सालचा. १९४२ साली जर्मन फौजा रशियातल्या स्टालिनग्राड शहरात घुसल्या, त्या लढाईचा. रशियाच्या बाजूला वासिली झाइत्सेव्ह नावाचा मेंढपाळाचा पोर आहे. तो दबा धरून बसतो आणि एकेका गोळीत एकेक जर्मन अधिकारी टिपतो. त्याला मारायला जर्मनीहून एक मेजर येतो, तोही तसाच पक्का नेमबाज. मग सगळं शहर बाजूला राहतं आणि या दोघांचाच सामना सुरू होतो. सोबत तान्या नावाची एक शिकलेली मुलगी आहे. तिला बंदूक घेऊन लढायचं असतं. साशा नावाचा बूटपॉलिश करणारा एक लहान पोरगाही आहे.

खरं सांगते, हा सिनेमा आणताना माझ्या मनात भाषण तयार होतं. युद्ध म्हणजे पुरुषसत्तेचा खेळ, बायकांना तो आवडणार नाही, मग मी चार शब्द सांगेन, असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. मागं बसलेल्या पोरांनी प्रत्येक गोळीला टाळ्या वाजवल्या आणि पुढं बसलेल्या तुम्हीसुद्धा श्वास रोखून बघत होतात. दहावीतली एक मुलगी नंतर म्हणाली, "ताई, मला आवडला. तान्याचा नेम चांगला होता. मला पोलिसात जायचंय." मी तिला समजवायला लागले, तर तिची आईच मला म्हणाली, "बाई, आवडला म्हणते ना, तर आवडू द्या की."

तिचं बरोबर होतं. बाईच्या हातात ताकद दिसली की आपल्याला बरं वाटतं. त्याची लाज कशाला बाळगायची?

मग हळूहळू बाकीच्या बोलायला लागल्या. एकीनं विचारलं, "त्या अधिकाऱ्याचं तान्यावर मन बसलं म्हणून तिला लढाईतून काढून कचेरीत बसवलं. तिला कुणी विचारलं का?" दुसरी म्हणाली, "दोन मोठ्या माणसांची लढाई. मधे लेकराला निरोप घेऊन का धाडलं?" तो मेजर साशाला मारून खांबाला टांगतो. त्याच्या आईला मात्र कुणी खरं सांगत नाही. यावर कडेला बसलेली एक बाई एवढंच म्हणाली, "आईला कधी सांगतात का?"

हे प्रश्न कुठल्याही पुस्तकातून आलेले नव्हते. म्हणून मी घरी जाऊन वाचायला बसले.

झाइत्सेव्ह हा खरा माणूस. त्यानं २२५ शत्रू टिपल्याची सोव्हिएत नोंद आहे. पण त्या जर्मन मेजरशी झालेल्या सामन्याचा पुरावा जर्मन कागदांत सापडत नाही आणि बरेच इतिहासकार तो मानत नाहीत. म्हणजे जो सामना बघायला आपण बसलो होतो, तोच बहुधा रचलेला. आणि ज्या बायका खरोखर होत्या, त्या सिनेमात एका तान्यापुरत्याच उरल्या. १९४३ साली मॉस्कोजवळ बायकांना नेमबाजी शिकवणारी स्वतंत्र शाळा निघाली. तिथून हजाराहून जास्त मुली आघाडीवर गेल्या. ल्युदमिला पावलिचेन्को या एकटीच्या नावावर ३०९ शत्रू आहेत. ती १९४२ साली अमेरिकेत गेली तेव्हा पत्रकारांनी तिला विचारलं काय, तर तुम्ही लढाईत पावडर-लिपस्टिक लावता का!

लढाई संपल्यावर या बायकांचं काय झालं? स्वेतलाना अलेक्सिएविच या लेखिकेनं गावोगाव जाऊन त्यांना बोलतं केलं. १९८५ साली तिचं पुस्तक आलं. पुढं २०१५ साली तिला नोबेल मिळालं. पुरुष परत आले ते वीर म्हणून. बायकांना मात्र लोक म्हणाले, पुरुषांत राहून आलेली बाई. कितीतरी जणींनी आपली पदकं लपवून ठेवली.

हे सगळं रशियातलं. पण त्या दिवशी चर्चा संपत आली तेव्हा एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं काय कमी झालं का? रझाकारी झाली, पोलीस ॲक्शन झालं." आणि सगळ्या गप्प झाल्या.

आपल्याच तालुक्यात अर्जापूरला १९४६ साली गोविंदराव पानसरे मारले गेले. शेजारी उमरीची बँक १९४८ साली लुटली गेली. या गोष्टी आपण दर १७ सप्टेंबरला झेंड्याखाली ऐकतो. त्यात बायकांची नावं किती? जालन्याकडच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन लढल्या. त्यांचं नाव तरी आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? रझाकारांच्या भीतीनं रातोरात लेकरं काखोटीला मारून हद्दीपार गेलेल्या बायांचं तर नावच नाही.

आणि दुसरी बाजू. पोलीस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल यांची समिती सरकारनं पाठवली होती. तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ साली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यात नांदेड आहे. मारलेले बहुतेक मुसलमान. बायकांवर बलात्कार झाले, काहींना पळवून नेलं, हेही त्यात लिहिलंय. त्या दिवशी आपल्यातली एक मुसलमान मैत्रीण म्हणाली, "आमच्या घरात त्या दिवसांचं नाव निघालं की आजी उठून आत जायची." त्यावर कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. आज ते मनाला लागून राहिलंय.

हिंदू घरातली आजी असो की मुसलमान घरातली, दोघींच्या वाट्याला गप्प बसणंच आलं. आपल्याकडचा इतिहासही आपण दोघांच्या सामन्यासारखा सांगतो. हा बाजूचा, तो बाजूचा, कोण जिंकला. मधे सापडलेल्यांना कुणी विचारत नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. त्या वेळी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या आज नव्वदीच्या घरात आहेत. फार थोड्या उरल्यात. पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दोन तरी घरी जावं, एक हिंदू आणि एक मुसलमान. आजी नसली तर लेकीला, सुनेला विचारावं. विचारताना घरातले पुरुष समोर नसावेत. जिला सांगायचं नसेल तिला खोदून विचारू नये. तिच्या परवानगीशिवाय नाव लिहू नये. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावं, आपली शिकवण त्यात घालू नये. ती चूक मी एकदा करून बसले आहे.

पोलिसात जायचं म्हणणाऱ्या त्या मुलीला मी या कामात बोलावलं आहे. ती येते म्हणाली. वही तिच्याकडं राहील.