देऊळ कोणाच्या नांवावर?

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंडपांत कायद्याची गोष्ट काढणें कित्येकांस अरसिकपणाचें वाटेल. बँडवालेही बाहेर खोळंबले आहेत. तथापि ज्या देवळांत आज सकाळीं आपण मिस्सा अर्पिली, तें सरकारदरबारीं कोणाच्या नांवावर आहे, असें आम्हीं गेल्या महिन्यांत कित्येकांस विचारलें. कोणी म्हणाले ‘फादरांच्या’, कोणी म्हणाले ‘बिशपांच्या’. एका वृद्ध बाईंनीं मात्र ‘देवाच्या’ असें सांगितलें. हिंदु देवालयापुरतें हें उत्तर कोर्टांतही टिकलें असतें. कारण प्रतिष्ठित मूर्ति मालक होऊं शकते, हें न्यायालयांनीं पूर्वींच मान्य केलें आहे. आपल्या वेदीस तो अधिकार नाहीं.

ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणें रीतसर स्थापिलेला धर्मग्राम स्वतःच एक कायदेशीर व्यक्ति होय. १९८३ च्या धर्मसंहितेचें ५१५ वें कलम तसें स्पष्ट म्हणतें. परंतु इंग्रजी अमलांत एवढ्यानें जमिनीची मालकी ठरत नसे. म्हणून जमिनी दोनचार विश्वासू माणसांच्या नांवें घेण्याची वहिवाट पडली. अडचण एवढीच, कीं माणूस मरतो, अगर परदेशीं निघून जातो. मग नवें खत, नवा मुद्रांक, आणि मयताचे वारस सज्जन निघावे म्हणून प्रार्थना!

१८५४ च्या एका विलायती कायद्याच्या नमुन्यावर १८६० सालीं हिंदुस्थानांत २१ वा कायदा झाला. सात माणसांनीं एकत्र यावें, संस्थेचें नांव, उद्देश व कारभारी मंडळ कागदावर लिहावें, आणि जॉइंट स्टॉक कंपन्यांच्या रजिस्ट्राराकडे नोंद करावी. पदाधिकारी वारला तरी दावा बुडत नाहीं, आणि संस्थेवरील हुकूमनाम्यासाठीं त्याच्या स्वतःच्या घरावर जप्ती येत नाहीं. संस्था मोडली तरी शिल्लक सभासदांनीं वांटून घ्यावयाची नाहीं. ती दुसऱ्या संस्थेस जाते. हें शेवटचें कलम आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें.

शाळांस हा कायदा सहज मानवला. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी मदत देऊं केली, ती शाळेच्या स्थैर्याबद्दल जबाबदार राहणारें कोणीतरी असेल तरच. कायद्याच्या यादींत शिक्षण होतें, धर्मादाय होता. उपासनेचें नांव मात्र नव्हतें. तें १८८० च्या पहिल्या कायद्यांत आलें. हिंदु, मुसलमान व बौद्ध ह्यांस तो लागू नव्हता. मंडळीच्या सभेनें नवा विश्वस्त नेमावा, अध्यक्षानें सभेसमक्ष टांचणावर सही करावी, दोन साक्षीदार घ्यावे व दस्तऐवज नोंदवावा, कीं मालमत्ता निराळ्या खरेदीखतावांचून नव्या विश्वस्ताकडे येई. सोय मोठी, पण ही रीत सभेनें कारभार करणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांस अधिक साजेशी. आमच्या मतें आपल्या परंपरेशीं अधिक जुळणारी तोड सिलोनमध्यें निघाली: तेथें १९०६ च्या कायद्यानें बिशपपदासच अखंड कायदेशीर व्यक्ति मानलें. बिशप बदलले तरी मालक तोच.

पुढें १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें सर्व धर्मांच्या सार्वजनिक न्यासांस नोंदणी व हिशेबतपासणी सक्तीची केली; २०१२ पासून त्यास महाराष्ट्राचें नांव आहे. विश्वस्त बदलला, तर नव्वद दिवसांत कळवावें लागतें. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवांचून जमीन विकतां येत नाहीं. कोणी ह्यास सरकारी लुडबूड म्हणतात. लोकांच्या घामाच्या पैशाचा हिशेब कोणी मागितला, तर आम्हांस त्यांत वाईट दिसत नाहीं.

देवळाचा परिशिष्ट १ चा उतारा आपल्या कार्यालयांत आहे. तो कोणीही पाहावा. शाळेच्या मैदानाच्या सातबाऱ्यावर मात्र अजून मयत दात्याचेंच नांव आहे. त्यांचे तिघे नातू ह्याच मंडपांत बसले आहेत व सही देण्यास राजी आहेत. चौथे कुवेतहून नाताळांत येतील. मूळ बक्षीसपत्राची प्रत कोणाच्या पेटींत असल्यास येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयांत आणून द्यावी. नक्कल करून मूळ कागद त्याच दिवशीं परत मिळेल.