निकाल किती टक्के, आणि मुलं किती?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचं बोलणं झालं. आता गावातल्या जिल्हा परिषद हायस्कूलचं बोलू. दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात शाळांची यादी येते. तालुक्याच्या कॉन्व्हेंटचा निकाल 100 टक्के, आपल्या शाळेचा 70 टक्के. आपण वाचतो आणि म्हणतो, ही शाळा बुडाली, पोराला तालुक्याला टाका. आम्ही शेतकी शिकलेली माणसं, शाळामास्तर नव्हे. पण पीक कसं मोजावं एवढं आम्हाला शिकवलेलं आहे. त्याच मापानं हा टक्का तपासू.

हा टक्का म्हणजे पैसेवारी आहे. पीक तेच असतं, मोजायची रीत बदलली की 48 पैशांचे 52 होतात, हे तुम्हाला सांगायला नको. राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली तो 77.10 वर उतरला आणि 2020 साली 95.30 वर चढला. महाराष्ट्रातली पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली काय? मुख्य कारण असं की भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण 2019 साली काढून घेतले होते, ते 2020 साली परत दिले.

दुसरी खोट याहून मोठी आहे. टक्का निघतो तो परीक्षेला बसलेल्यांचा. समजा, पाचवीत 60 मुलं होती, दहावीला 30 बसली आणि 27 पास झाली. निकाल 90 टक्के, मुख्याध्यापकांचा सत्कार. आता पऱ्हाटीचं वावर डोळ्यांसमोर आणा. पेरलं तेवढं उगवलं नाही, नांग्या भरल्या नाहीत, निम्मी झाडं राहिली. जागा मोकळी म्हणून राहिलेल्या झाडाला बोंडं जास्त लागतात. झाडागणिक बोंडं मोजली तर हेच शेत गावात पहिलं येईल. पण आपण एकरी क्विंटल मोजतो. शाळेची मात्र झाडागणिक बोंडं मोजली जातात. त्या 60 मुलांच्या हिशेबानं तोच निकाल 45 टक्के निघतो.

ही झाडं मरतात कुठं? नववीत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंतचा. दुपारची खिचडी आठवीपर्यंत, मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. नववीत पोरगं आलं की हे सगळं एकदम थांबतं, आणि नेमकं त्याच वर्षी त्याच्या अंगात मोठ्या माणसाएवढं काम करायची ताकद येते. त्यात नववीची चाळणी. दहावीचा निकाल खाली आणील असं वाटणारं पोरगं नववीतच मागे ठेवायचं, नाही तर त्याला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचं. ज्या शाळा 100 टक्क्यांच्या जाहिराती लावतात, त्यांना हे एकदा विचारून बघावं.

आता आपल्या शाळेच्या वर्गात कोण बसतं ते बघा. सरपंचाचा, सोसायटीच्या चेअरमनचा, खुद्द गुरुजींचा मुलगा पिवळ्या गाडीतून तालुक्याला जातो. मागे राहतात मजुरांची मुलं, तांड्यावरची, पोडावरची, पारधी बेड्यावरची मुलं, आणि मुली. कित्येक घरांत मुलगा फी भरून शिकतो आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेत. गंमत अशी की निकाल तिचाच वर असतो. 2025 साली राज्यात 96.14 टक्के मुली पास झाल्या आणि 92.31 टक्के मुलगे. एवढं करून दहावीनंतर हात पिवळे होतात ते तिचेच.

अशा शाळेची कॉन्व्हेंटशी तुलना म्हणजे कोरडवाहू वावराची ओलिताशी तुलना. आमच्या धंद्यात असा प्रयोग कोणी मांडला तर त्याला नापास करतात. दोन वाणांची तुलना करायची तर जमीन सारखी, पाणी सारखं, पेरणी एका दिवशीची लागते. इथं जमीन वेगळी, पाणी वेगळं, आणि दोष मात्र बियाण्याला.

हंगामाचंही बघा. शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं, वेचणी तेव्हाच ऐन भरात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, रब्बी ज्वारीची काढणीही तेव्हाच. ज्या घरातली माणसं ऊसतोडीला गेली, त्या घरातली पोरगी लहान भावंडं सांभाळत उसाच्या फडावर असते, नाही तर गावात म्हातारीजवळ. एस.टी. आली तर शाळा. 2021 च्या ऑक्टोबरअखेर लागलेला एस.टी.चा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या हंगामात दहावीच्या मुली शाळेत कशा गेल्या हे ज्यांच्या घरी झालं त्यांनाच ठाऊक.

2025 च्या निकालात कोकण विभाग 98.82 टक्क्यांवर पहिला. तळाचे चार विभाग असे: अमरावती 92.95, छत्रपती संभाजीनगर 92.82, लातूर 92.77, नागपूर 90.78. म्हणजे सगळा विदर्भ आणि सगळा मराठवाडा. कापूस-ज्वारीचा मुलूख आणि तळाच्या निकालाचा मुलूख एकच निघावा हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला होता: सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो. तेव्हा शाळाच नव्हती. आज शाळा आहे, पण पट घटला की संचमान्यतेत शिक्षक कमी होतो. गणिताचा मास्तर गेला की उरलेली दहा मुलंही तालुक्याला जातात. जो आपला मुलगा काढून नेतो, तो शेजाऱ्याच्या मुलीचा मास्तरही घेऊन जातो.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आकडे आणायचे. यंदा दहावीला बसलेली मुलं पाचवीत होती तेव्हा वर्गात किती होती? त्यातली दहावीला किती बसली, पास किती झाली? मध्येच गेलेल्यांत मुली किती, आणि त्या आज कुठं आहेत? जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असतं. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, त्यांनी ते मागावं. नाव कमी केल्याची तारीख तिथं लिहिलेली असते. त्यातल्या दिवाळीनंतरच्या तारखा वेगळ्या मोजून आणा.